संस्कृत धातूंचा प्रथम भूतकाळ आणि विध्यर्थ : रूपं न चुकता कशी बनवायची

'अलेखत्', 'एच्छत्', 'अप्रविशत्', 'रामेण फलम् अखादत्'. शाळकरी मुलांच्या वह्या असोत की हौसेने संस्कृत शिकायला बसलेल्या मोठ्या माणसांच्या, तपासताना मला ह्याच चुका पुन्हापुन्हा भेटतात. तक्ता मात्र बहुतेकांना पाठ असतो. 'अगच्छत् अगच्छताम् अगच्छन्' झोपेतून उठवून विचारलं तरी धडाधड म्हणतील. पण धातू बदलला किंवा त्याला उपसर्ग लागला की हात अडखळतो, कारण रूप कोणत्या क्रमाने जुळवायचं हे कुणी बसवून घेतलेलं नसतं. धातू दिसला की आधी 'अ' लिहायचा आणि मग पुढचं आठवत बसायचं, अशी सवय लागते. बऱ्याचशा चुका त्या एका सवयीतून येतात.

क्रम असा ठेवा : आधी अंग (म्हणजे प्रत्यय लागण्यासाठी तयार झालेलं धातूचं रूप), मग प्रत्यय, मग 'अ', मग उपसर्ग आणि अगदी शेवटी शेजारच्या शब्दाशी संधी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. पहिल्या पाच पायऱ्या प्रथम भूतकाळाच्या, म्हणजे लङ् लकाराच्या. वाक्यातल्या चुका सहावीत येतील. विध्यर्थ सातवीत आहे, कारण पहिल्या दोन पायऱ्या पक्क्या झाल्या की तो जवळपास फुकट मिळतो.

तयारी : धातूबरोबर तीन गोष्टी

नुसता धातू पाठ करू नका. वहीत प्रत्येक धातूपुढे त्याचा गण (धातूंच्या दहा गटांपैकी कितवा), पद (कोणते प्रत्यय लागतात : परस्मैपदाचे, आत्मनेपदाचे की दोन्ही, म्हणजे उभयपद) आणि वर्तमानकाळातलं 'तो'चं एकवचन लिहा. उदाहरणार्थ : 'लिख्, सहावा गण, परस्मैपद, लिखति' किंवा 'लभ्, पहिला गण, आत्मनेपद, लभते'. यातलं वर्तमानकाळाचं रूप सगळ्यात मोलाचं, कारण पुढचं सगळं काम त्यावरून होणार आहे.

पुरुषांच्या नावांचा घोळही आत्ताच मिटवा. मराठी व्याकरणात प्रथम पुरुष म्हणजे 'मी'. संस्कृतात प्रथमपुरुष म्हणजे 'तो, ते दोघे, ते सगळे', मध्यमपुरुष म्हणजे 'तू' आणि उत्तमपुरुष म्हणजे 'मी'. 'प्रथमपुरुष एकवचन लिहा' या प्रश्नाला 'अगच्छम्' असं उत्तर लिहिणारा विद्यार्थी रूप चुकलेला नसतो, नाव चुकलेला असतो. गुण मात्र जातात.

पायरी १ : वर्तमानकाळातून अंग काढा

पहिल्या, चौथ्या, सहाव्या आणि दहाव्या गणाचं अंग अकारान्त असतं. ते काढायला वर्तमानकाळाच्या रूपातला 'ति' किंवा 'ते' खोडा. जे उरतं ते अंग.

गच्छति – गच्छ
पश्यति – पश्य
तिष्ठति – तिष्ठ
पिबति – पिब
लिखति – लिख
नृत्यति – नृत्य
चोरयति – चोरय
लभते – लभ

प्रथम भूतकाळ मूळ धातूपासून होत नाही, या अंगापासून होतो. म्हणून 'अगमत्' नाही, 'अगच्छत्'. ('अगमत्' हे रूप आहे, पण ते तृतीय भूतकाळाचं, लुङ् लकाराचं.) तसंच 'अपश्यत्', 'अतिष्ठत्', 'अपिबत्'.

इथली सगळ्यात चिवट चूक गुणाची, म्हणजे इ-ईचा ए, उ-ऊचा ओ, ऋचा अर् होण्याची. पहिल्या गणात धातूच्या स्वराला गुण होतो : बुध् – बोधति, स्मृ – स्मरति, नी – नयति. सहाव्या गणात होत नाही : लिख् – लिखति, क्षिप् – क्षिपति, विश् – विशति. मराठीत आपण दिवसभर 'लेखन', 'लेखक', 'प्रवेश' म्हणतो, त्यामुळे 'ले' आणि 'वे' तोंडात बसलेले असतात आणि 'अलेखत्', 'प्रावेशत्' सहज लिहून जातो. बरोबर रूपं 'अलिखत्' आणि 'प्राविशत्'.

तपासणी : अंगाला 'ति' किंवा 'ते' पुन्हा जोडून म्हणा. ओळखीचं वर्तमानकाळाचं रूप आलं नाही तर पुढे जाऊ नका.

पायरी २ : प्रत्यय जोडा

परस्मैपदाचे प्रत्यय, तीन पुरुषांच्या तीन ओळींत :

त् – ताम् – अन्
: (विसर्ग) – तम् – त
अम् – व – म

जोडताना दोनच गोष्टी घडतात. 'अन्' आणि 'अम्' यांच्यातला 'अ' अंगाच्या 'अ'त मिसळून जातो, दीर्घ होत नाही. म्हणून 'अगच्छन्' आणि 'अगच्छम्'. 'व' आणि 'म' यांच्या आधी मात्र अंगाचा 'अ' दीर्घ होतो : 'अगच्छाव', 'अगच्छाम'.

आता एक गोष्ट अगदी डोळ्यांजवळ धरून पाहू. वहीत हे दोन शब्द शेजारी लिहा :

अगच्छत्
अगच्छत

पहिला म्हणजे 'तो गेला'. दुसरा म्हणजे 'तुम्ही सगळे गेलात'. फरक फक्त मोडलेल्या पायाचा. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण उच्चारत नाही, 'घर' म्हणताना 'र'चा पाय मोडल्यासारखाच ऐकू येतो. तीच सवय घेऊन संस्कृत वाचलं की 'अगच्छत' आणि 'अगच्छत्' कानाला एक होतात, आणि कानाला एक झालेलं हाताने वेगळं उमटत नाही. 'अगच्छाम' (आम्ही गेलो) याचाही पाय अनेकजण मोडतात, आणि 'अगच्छम्' (मी गेलो) याचा मोडायला विसरतात. पहिले काही दिवस मोठ्याने म्हणा. 'अगच्छत'मधला शेवटचा 'त' पूर्ण उच्चारा, 'अगच्छत्'मधला तोडा. माझ्या अनुभवात या एका उपायाने जेवढ्या चुका गेल्या, तेवढ्या दहादा तक्ता लिहून गेल्या नाहीत.

आत्मनेपदाचे प्रत्यय वेगळे. अकारान्त अंगाला ते असे लागतात :

अलभत – अलभेताम् – अलभन्त
अलभथाः – अलभेथाम् – अलभध्वम्
अलभे – अलभावहि – अलभामहि

वर्तमानकाळाचा 'ते' इथे चालत नाही. 'अलभते' आणि 'अलभामहे' ही अर्धी वर्तमान, अर्धी भूत अशी रूपं आहेत. 'अ' लावलात म्हणजे शेपूटही भूतकाळाचंच हवं.

सावधान : 'नी', 'पच्', 'याच्' असे धातू उभयपदी आहेत. 'अनयत' दिसलं तर ते 'तुम्ही सगळ्यांनी नेलं' (परस्मैपद) असेल किंवा 'त्याने नेलं' (आत्मनेपद). निर्णय कर्ता पाहूनच घ्यायचा.

पायरी ३ : आता 'अ' लावा

अंग आणि प्रत्यय जुळून रूप तयार झालं. आता सुरुवातीला 'अ' येतो. अंग व्यंजनाने सुरू होत असेल तर काही विचार करावा लागत नाही : अवदत्, अक्रीडन्, अकथयम्, अभाषत.

अंग स्वराने सुरू होत असेल तर थांबा. नेहमीच्या संधीत अ आणि इ मिळून ए होतो, पण इथे वृद्धी होते, म्हणजे ऐ. तसंच उ किंवा ऊ असेल तर औ, ऋ असेल तर आर्, आणि अ किंवा आ असेल तर आ.

इच्छति – ऐच्छत्
ईक्षते – ऐक्षत
अटति – आटत्
ऊहते – औहत
ऋच्छति – आर्च्छत्

'एच्छत्' ही चूक हुशार मुलं जास्त करतात, कारण त्यांना गुणसंधी पाठ असतो आणि ती तो इमानाने लावतात. त्यांना एवढंच सांगायचं की भूतकाळाच्या 'अ'चा नियम वेगळा आहे.

'अ' विसरला तर काय होतं, तेही पाहून ठेवा. 'अगच्छताम्'चा 'अ' गेला की उरतं 'गच्छताम्', आणि ते आज्ञार्थाचं धड रूप आहे : 'ते दोघे जावोत'. 'अगच्छतम्', 'अगच्छत', 'अगच्छाव', 'अगच्छाम' यांचंही तसंच. नऊपैकी पाच रूपं 'अ' नसताना आज्ञार्थ होतात. म्हणजे चूक डोळ्यांना खुपत नाही, वाक्याचा अर्थ मात्र पार बदलतो : 'आम्ही गेलो'चं 'आपण जाऊ या' होतं.

आणखी एक गैरसमज. 'असत्य', 'अयोग्य' या शब्दांमुळे काहींना 'अगच्छत्' म्हणजे 'गेला नाही' असं वाटतं. हा 'अ' नकाराचा नाही. नकार हवा असेल तर 'न' वेगळा लिहायचा : न अगच्छत्, संधी करून 'नागच्छत्'. 'मा' या निषेधाच्या अव्ययाबरोबर मात्र हा 'अ' गळतो.

पायरी ४ : उपसर्ग 'अ'च्या बाहेर

हीच जागा सर्वांत जास्त घसरण्याची, म्हणून इथे वेळ काढा. 'अ' धातूच्या अंगाला चिकटलेला असतो आणि उपसर्ग त्याच्याही आधी येतो. प्रविशति पाहून 'अप्रविशत्' लिहिणं म्हणजे उंबऱ्याबाहेरच्याला घरात घेऊन घरच्याला बाहेर काढणं. आधी उपसर्ग सोडवा, उरलेल्या धातूचं रूप बनवा, मग उपसर्ग परत जोडा :

प्रविशति : प्र + अविशत् = प्राविशत्
उपविशति : उप + अविशत् = उपाविशत्
निवसति : नि + अवसत् = न्यवसत्
विहरति : वि + अहरत् = व्यहरत्
अनुभवति : अनु + अभवत् = अन्वभवत्
परित्यजति : परि + अत्यजत् = पर्यत्यजत्
अवतरति : अव + अतरत् = अवातरत्
प्रणमति : प्र + अनमत् = प्राणमत् ('ण' कायम राहतो)

व्यंजनान्त उपसर्गात आणखी एक वळण आहे. वर्तमानकाळात उपसर्गाचं व्यंजन धातूच्या व्यंजनाला भिडून बदललेलं असतं. मध्ये 'अ' आला की ती भेट मोडते आणि उपसर्ग वेगळा दिसायला लागतो :

उत्तिष्ठति – उदतिष्ठत्
उन्नयति – उदनयत्
सञ्चरति – समचरत्
निःसरति – निरसरत्
निर्गच्छति – निरगच्छत्

'उत्तिष्ठति'चं 'उत्तअतिष्ठत्' किंवा 'औत्तिष्ठत्' करणाऱ्याने उपसर्ग सोडवलेलाच नसतो. 'उत्तिष्ठति' म्हणजे उद् आणि तिष्ठति, एवढं वहीत एकदा लिहिलं की काम झालं.

उपसर्ग असेल आणि धातूही स्वरादी असेल तर आधी वृद्धी, मग उपसर्ग. 'प्रतीक्षते' म्हणजे प्रति आणि ईक्षते. ईक्षतेचं ऐक्षत, आणि प्रति + ऐक्षत = 'प्रत्यैक्षत'. 'उपेक्षते'चं 'उपैक्षत'.

सावधान : 'आ' या उपसर्गात 'अ' दिसेनासा होतो. आ + अगच्छत् = आगच्छत्. 'आगच्छति'पासून त्याला वेगळं करतो तो फक्त शेवटचा 'त्'. पाय मोडायला विसरलात तर 'आगच्छत' होतं, आणि ते 'तुम्ही सगळे या' किंवा 'तुम्ही सगळे आलात' असं वाचलं जाईल.

तपासणी : तयार रूपातून उपसर्ग काढा. उरलेला भाग 'अ' किंवा वृद्धी झालेल्या स्वराने सुरू होतो का? नसेल तर क्रम चुकला आहे.

पायरी ५ : शेजारच्या शब्दाशी संधी

लिहिताना ही पायरी टाळता येते, वाचताना नाही. उताऱ्यात क्रियापद ओळखायला सांगितलं की 'अ' दिसत नाही म्हणून मुलं भूतकाळाचं रूप सोडून देतात. तो 'अ' बहुतेकदा अवग्रहात असतो : रामोऽवदत् (रामः अवदत्), वनेऽवसत् (वने अवसत्). ऽ हे चिन्ह दिसलं की तिथे 'अ' परत लिहून बघा. शेवटच्या व्यंजनाचंही रूप बदलतं : अगच्छत् आणि च मिळून 'अगच्छच्च', अगच्छन् आणि अत्र मिळून 'अगच्छन्नत्र'.

पायरी ६ : वाक्यात बसवताना मराठी बाजूला ठेवा

रूप बिनचूक असून वाक्य चुकतं ते इथे. मराठीत आपण 'रामाने फळ खाल्लं' म्हणतो. ते मनात धरून 'रामेण फलम् अखादत्' असं लिहिलं जातं. मराठीचा भूतकाळ कर्त्याला 'ने' लावतो, संस्कृतचा प्रथम भूतकाळ लावत नाही. 'रामः फलम् अखादत्' एवढंच हवं. 'रामेण' ठेवायचं असेल तर क्रियापद कर्मणि होतं : 'रामेण फलम् अखाद्यत'.

मराठीत गेला, गेली, गेलं असं लिंग बदलतं. 'अगच्छत्'ला लिंग नाही : बालकः अगच्छत्, बालिका अगच्छत्, मित्रम् अगच्छत्. लिंगानुसार 'गतवान्' आणि 'गतवती' असे फरक पडतात ते धातुसाधित विशेषणात, ते प्रकरण निराळं.

द्विवचन मराठीत नाही, म्हणून 'बालकौ अक्रीडन्' होतं. कर्त्याच्या शेवटी 'औ' दिसला की क्रियापदाला 'ताम्' : बालकौ अक्रीडताम्. आणि 'भवान्' म्हणजे 'आपण' असलं तरी त्याचं क्रियापद 'तो'चं : भवान् अगच्छत्, 'भवान् अगच्छः' नव्हे.

पायरी ७ : विध्यर्थ

'जावं', 'मिळावं', 'करावं' या अर्थाचा विध्यर्थ, म्हणजे विधिलिङ्, त्याच अंगापासून होतो. त्याची शेपटं बरीचशी प्रथम भूतकाळाचीच आहेत : त्, ताम्, विसर्ग, तम्, त, व, म. फरक दोन. सुरुवातीला 'अ' नाही, आणि अंगाच्या शेवटच्या 'अ'चा 'ए' होतो :

गच्छेत् – गच्छेताम् – गच्छेयुः
गच्छेः – गच्छेतम् – गच्छेत
गच्छेयम् – गच्छेव – गच्छेम

आत्मनेपदात :

लभेत – लभेयाताम् – लभेरन्
लभेथाः – लभेयाथाम् – लभेध्वम्
लभेय – लभेवहि – लभेमहि

इथे बोट ठेवायचं ते 'ते सगळे' या रूपावर. 'गच्छेयुः' आणि 'लभेरन्' ही भूतकाळाच्या 'अन्' आणि 'अन्त' यांच्याशी जुळत नाहीत, म्हणून 'गच्छेन्', 'लभेन्त' अशी रूपं लिहिली जातात. ही दोन रूपं तेवढी वेगळी घोकून घ्या. 'अगच्छेत्' तर कधीच नाही, विध्यर्थाला भूतकाळाचा 'अ' लागतच नाही. म्हणूनच उपसर्गाची सगळी चौथी पायरी इथे गळून पडते आणि वर्तमानकाळातलाच जोड राहतो : उत्तिष्ठेत्, निर्गच्छेत्, प्रविशेयुः.

सावधान : पायाचा प्रश्न इथेही आहे. 'गच्छेत्' म्हणजे त्याने जावं, 'गच्छेत' म्हणजे तुम्ही सगळ्यांनी जावं. पण 'लभेत' म्हणजे त्याला मिळावं, कारण तो आत्मनेपदी आहे. पद माहीत नसेल तर 'लभेत'चा पाय मोडला जातो.

उरलेले गण

बाकीच्या गणांत अंग अकारान्त नसतं, त्यामुळे वरची युक्ती जशीच्या तशी चालत नाही. तिथे सुरुवातीला दोन धातू पूर्ण पाठ करा, त्यांच्यावाचून एकही उतारा पुढे सरकत नाही.

अस् : आसीत् – आस्ताम् – आसन्, आसीः – आस्तम् – आस्त, आसम् – आस्व – आस्म
कृ : अकरोत् – अकुरुताम् – अकुर्वन्, अकरोः – अकुरुतम् – अकुरुत, अकरवम् – अकुर्व – अकुर्म

यांच्या विध्यर्थात 'ए'ऐवजी 'या' येतो : स्यात् – स्याताम् – स्युः, कुर्यात् – कुर्याताम् – कुर्युः. हा 'यात्' तुमच्या ओठांवर आधीच आहे. 'मा कश्चिद्दुःखमाप्नुयात्' ही प्रार्थनेची ओळ आठवा. 'आप्नुयात्' म्हणजे आप् धातूचा, पाचव्या गणाचा विध्यर्थ. त्याच धातूचा प्रथम भूतकाळ 'आप्नोत्', आणि त्यात 'अ' धातूच्या 'आ'त विरघळलेला आहे.

गीतेच्या पहिल्या श्लोकातलं 'किमकुर्वत सञ्जय' हेही तपासून पाहा. शेवटी 'त' दिसतो म्हणून पुष्कळजण त्याला 'तुम्ही सगळ्यांनी केलं' म्हणतात. ते असतं तर 'अकुरुत' झालं असतं. 'अकुर्वत' हे आत्मनेपदाचं 'ते सगळे' असं रूप आहे, आणि धृतराष्ट्र विचारतोय ते त्या सर्वांबद्दलच.

हाताखालून घालायचा सराव

रोज वर्तमानकाळातली तीन वाक्यं घ्या आणि आधी प्रथम भूतकाळात, मग विध्यर्थात फिरवा. उदाहरणार्थ :

बालकौ उद्यानं प्रविशतः । तौ फलानि इच्छतः । मालाकारः उत्तिष्ठति, न किमपि भाषते ।

खालचं झाकून स्वतः लिहा. प्रत्येक क्रियापदाच्या कडेला अंग, प्रत्यय, 'अ', उपसर्ग असे चार तुकडे मांडा, मगच जोडा.

बालकौ उद्यानं प्राविशताम् । तौ फलानि ऐच्छताम् । मालाकारः उदतिष्ठत्, न किमपि अभाषत ।

आणि विध्यर्थात : प्रविशेताम्, इच्छेताम्, उत्तिष्ठेत्, भाषेत. 'भाषेत'चा पाय मोडला असेल तर दुसऱ्या पायरीकडे परत जा आणि भाष् धातूचं पद पाहा.